सकाळची गोळी, रात्री साडेदहाचं जेवण

"बंगालमध्ये राहायचं तर सकाळची गोळी घ्यावीच लागते, इथलं पाणीच तसं आहे." बराकपूरला बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबाला घराची किल्ली, शाळेचा पत्ता आणि मासळीवाल्याची ओळख यांच्या जोडीने हे वाक्य मिळतं. इथे छावणी आहे, हवाई दलाचा तळ आहे, पलीकडे इच्छापूरचे शस्त्रांचे कारखाने आहेत. खडकी, अंबरनाथ, वरणगाव, अंबाझरी अशी फिरत आलेली माणसं इथे काही वर्षं काढतात आणि जाताना बाकी काही नेवोत न नेवोत, पित्तावरच्या पँटोप्राझोलची सवय घेऊन जातात.

गणपतीतल्या गप्पांत आमच्या तात्यांनी या वाक्याला शास्त्राचा दर्जा दिला. तात्या निवृत्तीनंतर इथेच राहिले. आमच्यात त्यांचा शब्द पाळला जातो, म्हणूनच तो खोडणं भाग आहे. त्यांचं म्हणणं असं: बंगालचं पाणी आणि मोहरीचं तेल पोटात आम्ल वाढवतं. वाढलेलं आम्ल म्हणजे विष, ते रोज सकाळी गोळीने मारावं. तरीही रात्री उसळलंच, तर इनो घ्यावा, ढेकर काढावी आणि झोपावं. आणि छातीत जळजळलं म्हणून जो दवाखान्यात धावतो तो भित्रा. यातलं शेवटचं विधान हसण्यावारी नेण्यासारखं नाही, म्हणून आधी तेच घेतो.

31 मे 2022 रोजी गायक केके, म्हणजे कृष्णकुमार कुन्नथ, कोलकात्याच्या नजरुल मंचावर एका महाविद्यालयाच्या कार्यक्रमात गायले, हॉटेलवर परतले आणि त्याच रात्री गेले. वय 53. शवविच्छेदनानंतर हृदयविकाराचा झटका हे कारण पुढे आलं. रक्तवाहिन्यांत अडथळे सापडल्याचं डॉक्टरांनी वार्ताहरांना सांगितलं. त्याच बातम्यांत आणखी एक तपशील होता: खांदे आणि हात दुखत असल्याचं त्यांनी पत्नीला सांगितलं होतं, आणि ते आम्लपित्ताच्या गोळ्या घेत असत. कोणाच्या शेवटच्या दिवसावर बाहेरून निकाल देणं बरं नव्हे, तो मी देत नाही. पण खांदेदुखीच्या शेजारी आम्लपित्ताची गोळी दिसली, की "ढेकर काढा आणि झोपा" या सल्ल्याचं मोल काय होऊ शकतं ते दिसतं.

ही गल्लत अडाण्यांचीच होते असं मानायचं कारण नाही. अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीमागून जाते आणि दोघांच्या वेदनेचे निरोप मज्जारज्जूत जवळपास त्याच पातळीवर पोचतात. मेंदूला दुखणं कळतं, दुखणारा अवयव नेमका कळतोच असं नाही. हृदयाची खालची बाजू श्वासपटलावर टेकलेली असते. तिथला रक्तपुरवठा तुटला, तर पोटाच्या वरच्या भागात दुखणं, मळमळ, ढेकर अशीच चिन्हं दिसू शकतात. मधुमेही, वयस्क आणि बायका यांच्यात तर सिनेमात दाखवतात तसं छाती धरून कोसळणं पुष्कळदा नसतंच. नुसता दम लागतो, घाम येतो, अस्वस्थ वाटतं.

तात्यांचा हुकमी पुरावा म्हणजे "इनो घेतला, ढेकर आली, बरं वाटलं, म्हणजे गॅसच होता." हा पुरावा डॉक्टरांनीही वापरून पाहिला होता. आम्लनाशक आणि घसा बधिर करणारं औषध यांचं मिश्रण पाजायचं, आराम पडला तर हृदय सोडून द्यायचं, अशी पद्धत तातडीच्या विभागांत रूढ होती. पुढे दिसलं की ज्यांचं हृदयच दुखत होतं अशा रुग्णांनाही त्या मिश्रणाने बरं वाटत होतं. वेदना स्वतःहूनही कमी-जास्त होते, आणि बरोबर त्या वेळी घशाखाली गेलेल्या औषधाला श्रेय मिळतं. म्हणून आज ती परीक्षा मानत नाहीत. आपल्या स्वयंपाकघरात मात्र ती अजून चालू आहे.

ओळखायच्या खुणा आहेत. जळजळ वाकल्यावर, आडवं झाल्यावर, भरपेट जेवणानंतर आली, आंबट पाणी घशाशी आलं, तर बहुधा आम्लच. छातीवर दाब आला, तो जबडा, डावा हात किंवा पाठीकडे सरकला, घाम फुटला, धाप लागली, स्टेशनचा जिना चढताना सुरू झालं आणि थांबल्यावर शमलं, तर बहुधा हृदय. मी दोन्हीकडे "बहुधा" लिहिलं आहे आणि सारा प्रश्न त्या शब्दातच आहे. चाळिशी ओलांडलेली असेल, मधुमेह, रक्तदाब, सिगारेट यांपैकी काही असेल, किंवा असं दुखणं आयुष्यात पहिल्यांदाच येत असेल, तर घरी बसून तर्क लढवायचा नाही. तडक रुग्णालयात जाऊन ईसीजी काढायचा. बराकपूरला डॉ. बी. एन. बोस उपविभागीय रुग्णालय आहे, नोकरीतल्यांसाठी लष्करी रुग्णालय आहे. पहिला ईसीजी साधा आला तरी डॉक्टर थांबवून ठेवतील, रक्तातलं ट्रोपोनिन काही तासांनी पुन्हा तपासतील. त्यावर चिडायचं नाही. रात्री दोन वाजता जाऊन "काही नाही, पित्त आहे" हे ऐकून आलेल्या माणसाला पाच-सहा तासांची झोप आणि थोडे पैसे, एवढाच तोटा होतो.

आता पाणी. हा सिद्धान्त तात्यांपेक्षा निदान शंभर वर्षांनी मोठा आहे. कोलकात्याच्या कचेऱ्यांतला बाबू आणि त्याचं अपचन हा एकोणिसाव्या शतकापासून बंगाली लेखनातला नेहमीचा विषय, आणि तेव्हाही दोष हवापाण्यालाच. ऐपत असलेली कुटुंबं हवापालटासाठी मधुपूर, देवघर, गिरिडीहला जायची, आणि तिथे खरोखर बरी व्हायची. पाणी बदललं म्हणून, असं सगळे म्हणत. पण तिथे पाण्याबरोबर दुसरंही बरंच बदललेलं असे: साडेनऊला घाईघाईने भात गिळून गाठायची कचेरी नसे, संध्याकाळी मैलभर चालणं असे, रात्री लवकर झोपायचं म्हणून जेवणही लवकर होई. यातलं काहीही बाटलीत भरून घरी आणता येत नाही, पाण्याला मात्र श्रेय देता येतं.

हुगळीच्या पाण्यालाच दोष द्यायचा, तर युरोप आणि उत्तर अमेरिकेचं काय करायचं? तिथे दर शंभर प्रौढांत दहा ते वीस जणांना आठवड्यातून एकदा तरी छातीत जळजळ होते, आणि त्यांच्या घरी मोहरीच्या तेलाची बुधलीही नसते. भारतात मुंबईच्या डॉ. शोभना भाटिया आणि सहकाऱ्यांनी देशभरातल्या 12 केंद्रांवर 3,224 माणसं तपासून 2011 मध्ये अहवाल दिला. त्यात हे प्रमाण 7.6 टक्के निघालं. म्हणजे हा आजार सगळीकडचा आहे, आणि जिथे माणसं जाड, बैठी आणि उशिरा जेवणारी आहेत तिथे जास्त आहे. तेलाबद्दल म्हणाल, तर कोणताही स्निग्ध पदार्थ जठर रिकामं व्हायला उशीर लावतो. मोहरी, भुईमूग, साजूक तूप यांत जठर जातपात पाळत नाही. आपल्याकडे भुईमुगाच्या तेलात तळलेली भजी खाऊन पुण्यात पित्त झालं, की आपण पुण्याच्या पाण्याला नावं ठेवत नाही.

पित्ताचं मूळ शोधायचं तर बराकपूरचा दिवस घड्याळ लावून बघावा. दुपारी भरपूर भात आणि त्यावर भातघूम, म्हणजे भातावरची झोप. संध्याकाळी चहाबरोबर मुडी (कुरमुरे) आणि तेलेभाजा, म्हणजे चॉप, बेगुनी, कांद्याची भजी. सियालदहची लोकल माणसांना आठ-साडेआठला घरी सोडते. त्या लोकलमध्येही हजमी गुलीवाला येऊन जातो, म्हणजे अपचनाची बाजारपेठ रुळांवरूनच सुरू होते. मग दूरदर्शन संच, मुलांचा अभ्यास, आणि साडेदहाला मुख्य जेवण. अकराला दिवा बंद. आम्ही मराठी मंडळी भाकरी आणि आमटीच्या आठवणी काढत काढत हे वेळापत्रक मात्र पहिल्याच महिन्यात उचलतो. नंतर दोष पाण्याला.

या वेळापत्रकाने नेमकं काय होतं, ते कळायला आम्लाबद्दलचा दुसरा गैरसमज दूर करावा लागेल, आणि त्यावर थोडं रेंगाळणार आहे, कारण तात्यांची सारी इमारत त्यावरच उभी आहे.

जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, हे विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टरने 1824 मध्ये दाखवून दिलं. त्याच सुमारास अमेरिकेत विल्यम बोमाँट नावाच्या लष्करी शल्यचिकित्सकाकडे ॲलेक्सिस सेंट मार्टिन हा तरुण आला होता. 1822 मध्ये बंदुकीची गोळी लागून त्याच्या पोटाला पडलेलं भोक कधी पूर्ण बुजलंच नाही. बोमाँटने त्या भोकातून दोरीला बांधलेलं मांस, कोबी, पाव आत सोडून ते किती वेळात विरघळतं हे वर्षानुवर्षं पाहिलं आणि 1833 मध्ये पुस्तक लिहिलं. त्या बिचाऱ्या सेंट मार्टिनला किती सोसावं लागलं हा वेगळा विषय. पण जठररस हा शरीराचा रोजचा, आवश्यक कारभार आहे, हे तेव्हापासून उघड आहे. दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर जठररस तयार होतो. तो प्रथिनं फोडायला लागतो, अन्नातून आलेले जंतू मारतो, लोह आणि बी-12 शोषून घ्यायला मदत करतो. जठराच्या आतल्या बाजूला श्लेष्माचं संरक्षण असतं, म्हणून ते स्वतः जळत नाही. अन्ननलिकेला तसं संरक्षण नसतं.

छातीत जळजळणाऱ्या बहुतेक माणसांत आम्ल जास्त तयार होतच नाही. ते इतरांइतकंच असतं, फक्त नको तिथे पोचतं. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं तीन-चार सेंटिमीटरचं कडं असतं आणि श्वासपटल त्याला बाहेरून आधार देतं. घास आला की कडं सैल होतं, गेला की आवळतं. पूर्वी वाटे, ज्यांना त्रास होतो त्यांचं कडं कायमचं ढिलं असतं. 1980 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी इथे जॉन डेंट, वायली डॉड्स आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या अन्ननलिकेतला दाब रात्रभर नोंदवला. दिसलं असं की आम्ल वर येतं ते बहुतेक वेळा चांगलं घट्ट असलेलं कडं अचानक, काही गिळलेलं नसताना, काही सेकंद पूर्ण सैल पडतं तेव्हा. "अचानक उसळलं" असं आपण म्हणतो ते शब्दशः खरं आहे.

कडं असं अवेळी सैल का पडतं? जठर ताणलं की. आत साचलेली हवा बाहेर काढायची ही शरीराची सोय आहे, तीच ढेकर. भरपेट जेवण, त्यावर सोडावॉटर, घाईघाईने गिळलेली हवा, या सगळ्यांनी जठर ताणतं आणि कडं पुन्हा पुन्हा उघडतं. उभ्या माणसात त्यातून हवा येते, आडव्या माणसात हवेबरोबर आम्लही येतं. आता तात्यांचा इनो पाहा. सोडा आणि सायट्रिक आम्लाची ती पूड थोडं आम्ल शमवते हे खरं, पण ते करताना पोटात वायू सोडते, जठर आणखी ताणते, कडं उघडते. ते प्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं, याहून उलटा उपाय शोधून सापडणार नाही. शिवाय त्यात सोडियम भरपूर, आणि तात्यांना रक्तदाब आहे.

जेवणानंतरच का जळतं, अन्नाने तर आम्ल शमायला हवं, हा प्रश्न ग्लासगोच्या डॉक्टरांनी 2001 मध्ये सोडवला. जेवणावर, अगदी कड्याच्या खाली, ताज्या आम्लाचा एक थर न मिसळता तरंगत राहतो. खालचं अन्न शमलेलं, वरचा थर तिखट, आणि कडं उघडलं की पहिला तोच वर जातो. साडेदहाला जेवून अकराला आडवं होणारा माणूस तो थर ऐन भरात असताना उशी शोधत असतो. या आम्लाला विष ठरवून मारत सुटणं म्हणजे छपराचं कौल सरकलं म्हणून पाऊसच बंद करायला निघणं.

आता गोळी. माझा गोळीला विरोध नाही, तात्यांच्या वापरण्याला आहे. 1988 मध्ये ओमेप्राझोल बाजारात आलं आणि अन्ननलिकेच्या जखमा ज्या वेगाने भरू लागल्या तो वेग त्याआधीच्या कोणत्याच औषधाला जमला नव्हता. पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल त्याच घराण्यातली. ही औषधं जठरातले आम्ल सोडणारे पंप बंद करतात, पण फक्त चालू असलेले, आणि ते चालू होतात जेवणाने. म्हणून गोळी न्याहारीआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते आणि पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस जातात. रात्री एक वाजता जळायला लागल्यावर गिळलेली पँटोप्राझोल त्या रात्रीपुरती जवळजवळ वाया जाते. त्या वेळी उपयोगी पडतात ती साधी आम्लनाशकं, म्हणजे ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचं पातळ औषध, किंवा अल्जिनेट, जे जठरातल्या त्या वरच्या थरावर फेसाची साय धरतं. काही मिनिटांत आराम पडतो, तासा-दोन तासांत ओसरतो. तात्या दोन्हींना "पित्ताची गोळी" म्हणतात आणि हाताला लागेल ती घेतात.

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आलेली नाही. पंप बंद केल्याने कडं काही घट्ट होत नाही. वर येणं चालूच राहतं, फक्त येतं ते कमी आंबट असतं. जळजळ थांबली, पण घशाशी पाणी येणं, रात्रीचा खोकला, सकाळचा बसका आवाज तसाच राहिला, अशी तक्रार करणारे पुष्कळ भेटतात. त्यांची गोळी काम करत असते. दुरुस्त व्हायला हवं होतं ते घड्याळ.

"पण मी गोळी सोडली की दुप्पट उसळतं, म्हणजे मला ती लागतेच," हा तात्यांचा सर्वांत पटणारा युक्तिवाद. डेन्मार्कमध्ये 2009 साली 120 निरोगी माणसांवर याचा प्रयोग झाला. यांना कधी पित्ताचा त्रास नव्हता. अर्ध्यांना आठ आठवडे याच जातीचं औषध दिलं आणि मग न सांगता बंद केलं, उरलेल्यांना सुरुवातीपासून नुसती बनावट गोळी. औषध थांबल्यानंतरच्या आठवड्यांत पहिल्या गटातल्या 44 टक्के लोकांना आम्लाचा त्रास झाला, दुसऱ्या गटातल्या 15 टक्क्यांना. दाबून ठेवलेलं जठर मोकळं झालं की काही आठवडे जास्तच आम्ल सोडतं. म्हणजे सोडल्यावर होणारा त्रास हा गोळीच्या गरजेचा पुरावा होत नाही, तो गोळीच्याच सवयीचा परिणाम असू शकतो. डॉक्टरांना विचारून मात्रा हळूहळू कमी करायची आणि मधल्या काळात साधं आम्लनाशक हाताशी ठेवायचं, हा मार्ग आहे.

गणपतीतल्या त्याच गप्पांत एका तरुणाने उलट टोक पकडलं: या गोळ्यांनी मूत्रपिंडं जातात, सगळ्या फेकून द्या, ॲपल सायडर व्हिनेगर प्या. त्यालाही उत्तर दिलं पाहिजे. आपल्या औषध नियंत्रकांनी 2019 मध्ये या गोळ्यांच्या माहितीपत्रकात मूत्रपिंडाला अचानक होणाऱ्या इजेचा इशारा घालायला सांगितलं, हे खरं. अशी इजा होते, पण क्वचित. त्याच वर्षी सतरा हजारांहून जास्त लोकांवर सुमारे तीन वर्षं चाललेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. अर्ध्यांना पँटोप्राझोल, अर्ध्यांना बनावट गोळी. ठळक फरक दिसला तो आतड्याच्या संसर्गात, 1.4 टक्के विरुद्ध 1 टक्का. मूत्रपिंड, हाडं, स्मृतिभ्रंश यांबद्दलची भीती त्या चाचणीत खरी ठरली नाही. ज्यांच्या अन्ननलिकेला गंभीर जखमा आहेत, किंवा हृदयासाठी ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल चालू असल्याने रक्तस्रावाचा धोका म्हणून डॉक्टरांनी ही गोळी दिली आहे, त्यांनी ती माझा लेख वाचून बंद करू नये. आणि आधीच आम्ल वर येऊन भाजलेल्या नळीत वरून व्हिनेगर ओतण्याला मी उत्तरही देत नाही.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तात्यांची "सकाळची गोळी" म्हणजे नुसती पँटोप्राझोल नाही. ती पँटोप्राझोल आणि डोम्पेरिडोनची एकत्र कॅप्सूल आहे, आणि देशभर ती चण्या-फुटाण्यासारखी खपते. डोम्पेरिडोन हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम करू शकतं. युरोपच्या औषध नियामकाने 2014 मध्ये त्याचा वापर मळमळ-उलटीपुरता आणि साधारण आठवडाभरापुरता मर्यादित केला, छातीतल्या जळजळीसाठी ते देऊ नये असं ठरवलं. आपल्याकडे साठीतले गृहस्थ ते वर्षानुवर्षं रोज घेतात, कारण कॅप्सूलच्या नावाला लागलेल्या एका अक्षराचा अर्थ त्यांना कोणी सांगितलेला नसतो. ही औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नसतात. विकली जातात.

पित्तावर घरोघरी सुचवल्या जाणाऱ्या थंड दुधाबद्दल चार शब्दांत. अमेरिकेत बर्ट्राम सिपीने 1915 मध्ये अल्सरच्या रुग्णांना तासातासाला दूध आणि साय देण्याची पद्धत काढली आणि ती अर्धं शतक चालली. 1976 मध्ये मोजून पाहिलं तेव्हा कळलं की दूध क्षणभर शमवतं आणि नंतर त्यातली प्रथिनं-कॅल्शियम जठराला अधिक आम्ल सोडायला लावतात. दोन घोट घेऊन बरं वाटत असेल तर घ्या. झोपताना पेलाभर साईचं दूध म्हणजे एक छोटं जेवणच.

आता घरगुती अर्काबद्दल. पाणिहाटी इथून दूर नाही, बराकपूर उपविभागातच आहे. तिथे बेंगॉल केमिकल्सचा जुना कारखाना आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी काढलेल्या या कंपनीचा ओव्याचा अर्क, ॲक्वा टायकोटिस, बंगालच्या घराघरांत असतो आणि तात्यांकडेही आहे. राय स्वतः लहानपणी, 1874 मध्ये, आमांशाने इतके आजारी पडले की शाळा सोडावी लागली आणि पोट जन्मभर नाजूक राहिलं. त्यांनी ते सांभाळलं मोजकं जेवून, नियमाने राहून, रोज संध्याकाळी मैदानावर जाऊन. ते ब्याऐंशी-त्र्याऐंशी वर्षं जगले. अर्क विकणाऱ्या कंपनीच्या संस्थापकाचं पोट अर्काच्या भरवशावर नव्हतं, एवढं तात्यांनी ध्यानात घ्यावं.

मग करायचं काय? 2006 मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांची छाननी केली: पथ्यं कोणती कामाची? मिरची, लिंबूवर्गीय फळं, कॉफी, चॉकलेट बंद केल्याने आजार सुधारतो याला भक्कम पुरावा त्यांना सापडला नाही. सापडला तो दोन गोष्टींना: वजन कमी करणं आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करणं. तुम्हाला एखादा पदार्थ नेमका बाधत असेल तर तो टाळा, पण शेजाऱ्याला बाधतो म्हणून नको.

पलंग उंच करण्याची बंगालइतकी सोय दुसरीकडे नसेल. इथे घरोघरी खाटेच्या चारही पायांखाली विटा लावलेल्याच असतात, खाली ट्रंका, धान्य, पितळी भांडी ठेवता यावीत म्हणून. पायाकडच्या दोन्ही पायांखालच्या विटा कमी करा, डोक्याकडच्या राहू द्या. सहा ते आठ इंच फरक पुरतो. उशांची चळत नको, तिने पोट मुडपतं आणि उलट दाब वाढतो. झोपायचं डाव्या कुशीवर. त्या स्थितीत जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं, उजव्या कुशीवर उलटं होतं. आपल्याकडे वामकुक्षी सांगितली आहे, ती याच बाजूची आहे. भातघूम घ्यायचीच असेल तर आरामखुर्चीत घ्या. परकराची नाडी, पँटचा पट्टा सैल करा. कमरेला पट्टा घट्ट बांधला की आम्ल वर येणं वाढतं, हेही ग्लासगोच्याच गटाने मोजून दाखवलं आहे. जर्दा आणि सिगारेट सोडायला मी सांगितल्याने कोणी सोडणार नाही, पण तंबाखूने ते कडं ढिलं पडतं एवढं नोंदवतो.

आणि रात्री अचानक उसळलंच, तर आधी हृदयाचे प्रश्न स्वतःला विचारून घ्या. त्यातून सुटलात तर उठून बसा किंवा उभे राहा, कपडे सैल करा, घोटभर पाणी प्या, पातळ आम्लनाशक घ्या, अर्धा-पाऊण तास आडवे होऊ नका. घास अडकत असेल, वजन आपोआप घटत असेल, शौच डांबरासारखी काळी होत असेल, उलटीत रक्त दिसलं, किंवा पंडुरोग निघाला, तर ते घरगुती प्रकरण राहिलेलं नाही. दुर्बिणीची तपासणी लागते. आठवड्यातून दोन-तीनदा त्रास होत असेल तरी एकदा डॉक्टरांना दाखवून, आठ आठवड्यांचा नीट उपचार घेऊन, पुढचं ठरवावं. नाक्यावरच्या दुकानात "तेच पान द्या" म्हणून सांगू नये.

तात्यांचा शेवटचा आक्षेप मला ठाऊक आहे, तो त्यांनी गणपतीतच केला होता: "एवढी पथ्यं पाळायची तर बराकपूरला राहायचं कशाला?" पण मी एकही पदार्थ बंद केलेला नाही. स्टेशनजवळच्या दादा-बौदीच्या बिर्याणीसाठी माणसं लांबून गाडी करून येतात. ती बटाट्यासकट खावी. इलिश मोहरीच्या वाटणातच खावा. फक्त दुपारी एक वाजता, आणि पोटात थोडी जागा ठेवून. रात्रीचं जेवण आठला आटपायचं, तेलेभाजा खाल्ला त्या दिवशी रात्री मुगाची खिचडी. सियालदहून साडेआठला येणाऱ्यांनी ऑफिसातून निघतानाच डब्यातली पोळी-भाजी खावी आणि घरी आल्यावर वाटीभर ताक-भात. एवढ्यावर महिना काढून बघा, तात्या. त्याआधी त्या कॅप्सूलचं पाकीट उलटं करून डोम्पेरिडोन किती मिलिग्रॅम आहे ते वाचा, आणि तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. चष्मा लागेल, अक्षर बारीक आहे.